नळावरचा हक्क



स्मृतिव्याख्यानमाला ज्यांच्या नावाने चालतात ती माणसे बहुधा काही ना काही सार्वजनिक उभे करून गेलेली असतात. कुणी वाचनालय, कुणी शाळा, कुणी नुसती एक पाणपोई. म्हणून अशा व्यासपीठावरून सार्वजनिक पाण्याबद्दल बोलणे मला योग्य वाटले. विषय साधा आहे: आपण पाण्याची बाटली का विकत घेतो, तिची किंमत कोण मोजते, आणि नळाचे पाणी पिणे पुन्हा शक्य करायचे असेल तर काय करावे लागेल. बाटलीने प्लास्टिकचा कचरा होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तरी बाटली वाढतेच आहे. याचा अर्थ निव्वळ कचऱ्याचा धाक पुरेसा नाही; आपल्याला आणखी खोल जावे लागेल.

आधी आपण कुठे बसलो आहोत ते पाहा. टिटवाळ्याला लागून काळू नदी वाहते. पुढच्या स्टेशनवर, खडवलीला, भातसा आहे. मागे आंबिवली-शहाडकडे मोहन्याला उल्हास आहे. याच उल्हासच्या काठी मोहिलीचे जलशुद्धीकरण केंद्र आहे, आणि कल्याण-डोंबिवलीच्या लाखो घरांत तिचेच पाणी जाते. भातसा धरणाचे पाणी मुंबई पिते. त्या महानगराच्या पुरवठ्याचा जवळपास निम्मा भाग एकटी भातसा उचलते. तानसा आणि वैतरणा ही धरणेही इथून फार लांब नाहीत. महाराष्ट्रात इतक्या मोठ्या लोकसंख्येची तहान भागवणारा असा दुसरा टापू सापडणे कठीण. आणि याच टापूत, टिटवाळ्याच्या फलाटावर, देवळाच्या रस्त्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये, ग्रामसभेच्या टेबलावरसुद्धा सीलबंद बाटली ठेवलेली असते. तीन नद्यांच्या मधोमध बसून आपण लिटरला वीस रुपयांच्या आसपास मोजून पाणी का विकत घेतो?

हा व्यवसाय भारतात सुरू झाला तोही आपल्याच जिल्ह्यात. १९६५ मध्ये ठाण्यात बिसलेरीचा कारखाना निघाला. नाव इटालियन, पाणी इथले, बाटली काचेची, आणि गिऱ्हाईक म्हणजे मोठी हॉटेले व परदेशी पाहुणे. १९६९ मध्ये पार्लेने ती कंपनी घेतली. साध्या माणसाने पाणी विकत घ्यावे ही कल्पनाच तेव्हा लोकांना पटत नव्हती. मग काच गेली, प्लास्टिक आले, आणि पुढे पीईटी नावाचे हलके, पारदर्शक, न फुटणारे प्लास्टिक आले. वजन कमी, वाहतूक स्वस्त, बाटली परत गोळा करण्याची गरज नाही. काचेची बाटली कारखान्याला परत हवी असायची. पीईटीची कुणालाच परत नको असते. हा बदल ध्यानात ठेवा, कारण पर्यावरणाचा सगळा हिशेब त्यातून सुरू होतो. बाटली परत घेण्याची जबाबदारी कारखान्याने सोडली आणि ती आपल्या नगरपालिकांवर, कचरा वेचणाऱ्या बायकांवर आणि काळू-उल्हासच्या काठांवर येऊन पडली.

आता तो हिशेब मांडू. पीईटी तयार होते खनिज तेलापासून. एक लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची. हातात घेतली तर काहीच वाटत नाही. पण तेल काढणे, त्याचे दाणे करणे, दाण्यांची नळी, नळी तापवून फुगवून बाटली, झाकण वेगळ्या प्लास्टिकचे, लेबल तिसऱ्याच प्लास्टिकचे, मग पाणी शुद्ध करणे, भरणे, खोके, ट्रक, टेम्पो, दुकान, फ्रीज. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये या साखळीची ऊर्जा मोजली. नळाच्या पाण्याच्या तुलनेत बाटलीच्या पाण्याला दोन हजार पटींपर्यंत ऊर्जा लागू शकते असे त्यांना आढळले. २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्यांच्या शहरासाठी असाच हिशेब केला. सगळे शहर बाटलीवर गेले तर नैसर्गिक संसाधनांच्या उपशाचा खर्च सगळे शहर नळावर असण्याच्या साडेतीन हजार पट होईल आणि परिसंस्थांवरचा घाव चौदाशे पट होईल, असे त्यांचे उत्तर आले. आकडे परदेशातले आहेत, शहराप्रमाणे ते कमी-जास्त होतील. पण दुप्पट-तिप्पट असा हा फरक नाही, तो शेकडो-हजारो पटींचा आहे. इथे आपल्या हिशेबात थोडी चूक निघाली तरी निष्कर्ष बदलत नाही.

असे का होते? कारण पाणी जड आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. जगात जड वस्तू हलवण्याची सर्वांत स्वस्त आणि स्वच्छ सोय म्हणजे जमिनीतली नळवाहिनी, आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या कर भरून उभी केली आहे. ती बाजूला ठेवून तेच टनभर पाणी आपण प्लास्टिकात बांधतो आणि डिझेलवर रस्त्याने आणतो. शिवाय बाटलीत असते ते पाणी बहुतेक वेळा कुठल्या डोंगरातल्या झऱ्याचे नसते. आपल्या देशातल्या नियमांत दोन प्रकार आहेत. नैसर्गिक खनिजयुक्त पाणी वेगळे, आणि पॅकबंद पिण्याचे पाणी वेगळे. दुसरा प्रकार कुठल्याही स्रोतातून घेता येतो: बोअरवेल, नदी, सरकारी नळ. बाजारात प्रामुख्याने हाच दुसरा प्रकार आहे. लेबलावर हिमशिखर छापलेले असले तरी आतले पाणी जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या नळातून आलेले असू शकते, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही.

यावर पहिला आक्षेप मोठा आहे आणि तो आपल्या पुण्यातूनच येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१७ च्या सुमारास केलेल्या पाहणीत भारतातल्या पीईटीपैकी सुमारे नव्वद टक्के माल पुन्हा वापरात येतो असे म्हटले होते. युरोप-अमेरिकेपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. मग तक्रार कशाची? तक्रार तीन गोष्टींची. हे पुनर्चक्रण ज्यांच्या जिवावर चालते त्या कचरावेचक बाया-माणसांना हातमोजे नाहीत, विमा नाही, आणि कचऱ्याच्या डोंगरावर उभे राहून बाटल्या निवडाव्या लागतात. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीचे डोंगर आठवा. दुसरे, बाटलीची पुन्हा बाटली क्वचितच होते. तिचा धागा होतो, धाग्याचे कापड होते, आणि ते कापड पुढे कचऱ्यातच जाते. धुताना त्यातून सुटणारे सूक्ष्म तंतू सांडपाण्याबरोबर नदीत जातात ते वेगळेच. म्हणजे पुनर्चक्रण कचऱ्याची तारीख पुढे ढकलते. आणि तिसरे, नव्वद टक्के परत आले तरी उरलेले दहा टक्के कुठे जातात? विक्री अब्जावधी बाटल्यांत असेल तर दहा टक्के म्हणजेही अब्जांत जाणारी संख्या. पहिल्या पावसात नाल्यातून वाहत येते ते हेच.

राज्याने या दिशेने एक पाऊल टाकले होते हे आवर्जून सांगायला हवे. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांसाठी अनामत रकमेची कल्पना होती. मोठ्या बाटलीला एक रुपया, लहान बाटलीला दोन रुपये. बाटली परत केली की पैसे परत. ही कल्पना उत्तम होती. सोड्याच्या काचेच्या बाटलीची अनामत आपल्या आजोबांना माहीत होती, तीच ही रीत. पण किराणा दुकानदाराने रिकाम्या बाटल्या कुठे साठवायच्या, त्याला पैसे कोण देणार, हे ठरले नाही आणि रीत रुजली नाही. कायदा होता, व्यवस्था नव्हती.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. तोच खरा आक्षेप आहे, कारण हौसेने बाटली घेणारे थोडे आणि भीतीने घेणारे फार. आई बाळाला नळाचे पाणी देत नाही ती हौस म्हणून नव्हे. या भीतीला हलके लेखून काही साधणार नाही. आपल्या नळाचे काही दोष खरेच आहेत. उल्हास नदीत वरच्या शहरांचे सांडपाणी येते, उन्हाळ्यात मोहन्याच्या पट्ट्यात जलपर्णी माजते. या नदीच्या प्रदूषणाचा वाद हरित न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगले बाहेर पडले तरी घरापर्यंत ते चांगलेच पोचेल याची खात्री नसते, आणि याचे मुख्य कारण आपला वेळेवर सुटणारा पुरवठा. दिवसातून तास-दोन तास पाणी येते, उरलेला वेळ वाहिनी रिकामी. ती गटाराच्या शेजारून गेलेली असते, जुनी असते, तडकलेली असते. पाणी येत असताना दाब आतून बाहेर असतो, म्हणून गळती होते. पाणी बंद झाले, किंवा कुणी थेट नळाला मोटार लावून पाणी ओढले, की दाब उलटा होतो आणि आजूबाजूची घाण आत ओढली जाते. मोटार लावणाऱ्याला वाटते आपण शेजाऱ्याआधी पाणी घेतले. खरे तर त्याने शेजाऱ्याचे गटार स्वतःच्या हंड्यात घेतलेले असते. त्यानंतर सोसायटीची जमिनीतली टाकी, गच्चीवरची टाकी. ती शेवटची कधी धुतली, हे किती सोसायट्यांच्या फलकावर लिहिलेले असते?

पण म्हणून बाटली सुरक्षित ठरते का? फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्लीतल्या सतरा आणि मुंबईतल्या तेरा नाममुद्रांचे पाणी तपासले आणि त्यात कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. त्यानंतर मानके कडक झाली, ही त्या तपासणीची कमाई. पुढे प्रश्न आला बाटलीचाच. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांत भारतातल्याही होत्या. त्र्याण्णव टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण निघाले. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याहून बारीक कण मोजण्याची पद्धत वापरली, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार कण आढळले. हे कण शरीरात नेमके काय करतात याचा अभ्यास चालू आहे, आणि नळाच्या पाण्यातही सूक्ष्म कण असतात. म्हणून बाटली म्हणजे विष असे मी म्हणणार नाही. पण बाटली म्हणजे शुद्धतेची हमी, या समजुतीला आधार उरत नाही. आणि आपल्याकडे उन्हात उभ्या टेम्पोत तासन्‌तास तापणारी बाटली, किंवा सीलच नसलेला वीस लिटरचा थंड पाण्याचा जार? ऑफिसांत, दुकानांत, क्लासेसमध्ये जार घेताना तो कुणी, कुठल्या बोअरवेलवर, कुठल्या तपासणीनंतर भरला हे किती जण विचारतात? नळ बिघडला तर निदान जाब विचारायला महापालिकेचे दार आहे.

पुराच्या वेळी, साथीच्या वेळी, आजाऱ्यासाठी, लांबच्या प्रवासात सीलबंद बाटली उपयोगाची आहे. तेवढी ती असू द्यावी. माझे भांडण तिच्या रोजच्या वापराशी आहे. आणि घरच्या आरओ यंत्राबद्दल दोन शब्द: सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे, धरणात साठलेले पाणी क्षारांनी फार जड नसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांगितले होते की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओची गरज नाही. तरी आपण ते लावतो आणि एक हंडा पिण्यासाठी दोन-तीन हंडे मोरीत सोडतो. उकळणे, गाळणे, टाकी धुणे यांनी जे साधते त्यासाठी एवढी नासाडी कशाला?

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे तिथे येतो. चार माणसांच्या घराने पिण्याचे पाणी लिटरच्या बाटल्यांनी घेतले तर दिवसाला बारा लिटर, म्हणजे लिटरला वीस रुपये धरले तर २४० रुपये. महिन्याला सात हजारांच्या वर. हे कुणाला परवडते? ज्यांना परवडते ते नळाची तक्रार करणे सोडून देतात. आणि नगरसेवकाकडे, आयुक्तांकडे ज्यांचा शब्द ऐकला जातो ते लोक नेमके हेच असतात: डॉक्टर, वकील, अधिकारी, व्यापारी, आपल्यासारखे व्याख्यानाला येणारे. ते नळावरून उठले की नळावर उरतात ज्यांचे कुणी ऐकत नाही ते. मग वाहिनी बदलण्याचे काम एक वर्ष मागे पडले तरी आरडाओरडा होत नाही. नळ बिघडतो, म्हणून आणखी काही घरे बाटलीकडे जातात, म्हणून नळ आणखी बिघडतो. सरकारी शाळांचे असेच झाले, सरकारी दवाखान्यांचेही असेच झाले. प्लास्टिक उचलता येईल. माणसांनी सार्वजनिक गोष्टीवरचा दावा सोडला तर तो परत मिळवणे त्याहून अवघड.

महाराष्ट्राला हा दावा फुकट मिळालेला नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला, की सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. त्या तळ्यावरच्या हक्काचा खटला १९३७ पर्यंत चालला, उच्च न्यायालयाने हक्क मान्य केला. त्या लढ्यापुढे बाटलीचा प्रश्न लहान आहे, दोन्ही एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. पण त्या लढ्याने एक तत्त्व दिले: पाणवठा सगळ्यांचा, एकच, आणि तिथे येण्याचा अधिकार माणूस असण्यावरून ठरतो. आज जात विचारून कुणी पाण्यापासून अडवत असेल तर कायदा आहे. पण एकाच फलाटावर एकाच्या हातात विकतची बाटली आणि दुसऱ्याच्या वाट्याला तोटी तुटलेला नळ, हे वेगळे पाणवठे पैशाने पुन्हा उभे राहिले आहेत आणि आपण त्याला सोय म्हणतो.

नळ तरी निर्दोष आहे का, असे कुणी विचारेल. नाही. भातसा, तानसा, वैतरणा ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. बारवी धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. काळूवर मुरबाडमध्ये धरण बांधायचे ठरले तेव्हा तिथल्या आदिवासींनी विरोध केला आणि काम न्यायालयात अडले. शहराच्या नळातल्या प्रत्येक थेंबावर कुणाचे तरी गाव, कुणाचे तरी रान खर्ची पडले आहे. म्हणूनच नळाचे पाणी गळू देणे, मोरीत सोडणे, आणि वर बाटली विकत घेणे हा त्या माणसांवर दुहेरी अन्याय आहे. ज्या नळासाठी एवढे घेतले, तो नळ पिण्यालायक ठेवणे हे शहराचे किमान कर्तव्य ठरते.

हे शक्य आहे का? ओडिशातले पुरी घ्या. तीर्थक्षेत्र, वस्ती अडीच लाखांच्या घरात, वर्षाला येणारे यात्रेकरू सुमारे दोन कोटी. जुलै २०२१ मध्ये तिथे चोवीस तास, थेट तोटीतून पिता येईल असे पाणी सुरू झाले, आणि रस्त्यांवर यात्रेकरूंसाठी पाण्याचे नळ-स्तंभ बसले. आपल्या राज्यात कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने त्याच्या कितीतरी आधी मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. चोवीस तासांचे महत्त्व चैनीसाठी नाही: वाहिनी कायम भरलेली राहिली की दाब कायम राहतो आणि बाहेरची घाण आत येत नाही. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून राज्यात बाटलीबंद पाण्यावर बंदी आणली. टिटवाळ्यात उद्याच बंदी आणा असे मी म्हणणार नाही. चांगला नळ नसताना बाटली काढून घेणे म्हणजे तहानलेल्याला शिक्षा. आधी नळ, मग बंदी.

टिटवाळ्यात सुरुवात कुठून व्हावी? अंगारकी संकष्टीला महागणपतीच्या दर्शनासाठी इथे मुंबईपासून नाशिकपर्यंतची माणसे लोटतात, आणि त्या दिवसाच्या रिकाम्या बाटल्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असतात. स्टेशन ते देऊळ या वाटेवर महापालिकेच्या वाहिनीवर जोडलेल्या, रोज तपासलेल्या पाणपोया उभ्या कराव्यात. रेल्वेने काही वर्षांपूर्वी फलाटांवर स्वस्त पाण्याची यंत्रे लावली होती, पुष्कळ ठिकाणी ती बंद पडली; कारण कंत्राट संपले आणि देखभाल कुणाची हे ठरले नाही. म्हणून पाणपोईची देखभाल कोण करणार, याचे नाव आणि फोन नंबर तोटीशेजारी लिहिलेला असावा.

आणि विश्वासाचे काय? त्याचे साधन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आधीपासून आहे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि तिला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलसुरक्षक ओटी चाचणी करतो: पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. खर्च क्षुल्लक, वेळ दोन मिनिटांचा. खेड्याला कार्ड आणि शहराला का नाही? कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक प्रभागात, वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी क्लोरिन किती उरले, जंतुतपासणीचा निकाल काय आला, हे दर आठवड्याला प्रभाग कार्यालयाच्या दारावर लागले पाहिजे. ही मागणी तुम्ही लेखी करू शकता, माहितीच्या अधिकारात मागू शकता, सोसायट्यांच्या लेटरहेडवर पाठवू शकता. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिला विषय घ्या: टाकी कधी धुतली, तिच्या झाकणाला कुलूप आहे का, आणि थेट वाहिनीला लावलेली मोटार काढायची तारीख कोणती.